याचिका फेटाळली, प्रश्न नव्हे

पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या कुठल्याही अभ्यासिकेत विचारा, भारतीय विदेश सेवेतली पहिली महिला अधिकारी कोण? उत्तर पाठ असतं : सी. बी. मुथम्मा. पुढचा प्रश्न पहिल्या महिला आयएएस अधिकाऱ्याचा, त्याचं उत्तर अ‍ॅना राजम मल्होत्रा. दोन नावं, दोन गुण, पान उलटलं. या दोघींना नोकरीत घेताना सरकारने कोणती अट घातली होती, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. अट अशी होती की लग्न केलंत तर नोकरी जाईल. अ‍ॅना राजम यांच्या नेमणुकीच्या आदेशातच तसं लिहिलेलं होतं आणि मुथम्मांकडून तर लग्न झाल्यास राजीनामा देईन, असं हमीपत्र घेतलं होतं. हे हमीपत्र घेतलं ते राज्यघटना लिहिली जात होती, त्याच वर्षी.

मुथम्मांना ‘पहिल्या’ म्हणून लक्षात ठेवण्यात आपण त्यांचं सर्वांत मोठं काम विसरतो, असं मला ठामपणे वाटतं. राजदूत असताना, निवृत्तीला जेमतेम तीन वर्षं उरलेली असताना, त्यांनी स्वतःच्याच सरकारविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात लढलेली याचिका हे ते काम. त्या याचिकेवर १७ सप्टेंबर १९७९ रोजी निकाल आला. त्यात न्यायालयाने सरकारला जे करायला सांगितलं, ते साऱ्या देशातल्या नोकरदार बायकांसाठी होतं आणि ते आजवर पुरतं झालेलं नाही.

चोनिरा बेळ्ळियप्पा मुथम्मा मूळच्या कोडगूच्या, विराजपेटच्या. जन्म १९२४ सालचा. वडील वन अधिकारी होते. ही मुलगी नऊ वर्षांची असताना ते गेले. आईने चारही मुलांना शिकवायचं ठरवलं आणि शिकवलं. मडिकेरीची शाळा, मग मद्रासचं विमेन्स ख्रिश्चन कॉलेज, पुढे प्रेसिडेन्सी कॉलेजात इंग्रजी साहित्य. लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर मुलाखतीत मंडळाने त्यांना विदेश सेवेचा नाद सोडण्याचा आग्रह केला, असं त्यांनी पुढे याचिकेत नमूद केलं. त्यांनी नाद सोडला नाही. १९४९ मध्ये त्या सेवेत आल्या. पहिली नेमणूक पॅरिसला झाली. नंतर रंगून आणि लंडन झालं, दिल्लीत पाकिस्तान आणि अमेरिका या विषयांचं काम केलं.

आता याच काळातली दुसरी गोष्ट शेजारी ठेवून पाहा. १९४७ मध्ये स्वतंत्र भारताने मॉस्कोला आपला पहिला राजदूत पाठवला, तो म्हणजे विजयालक्ष्मी पंडित. दोन वर्षांनी त्या वॉशिंग्टनला गेल्या, १९५३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या अध्यक्ष झाल्या आणि १९६२ मध्ये महाराष्ट्राच्या राज्यपाल म्हणून मुंबईत आल्या. त्यांचे पती रणजित पंडित हे कोकणात मुळं असलेल्या मराठी घराण्यातले, संस्कृतचे जाणकार, ‘राजतरंगिणी’चे अनुवादक. ते १९४४ मध्ये वारले. विजयालक्ष्मीबाई तीन मुलींच्या आई होत्या. संसार केलेली, मुलं वाढवलेली बाई मॉस्को आणि वॉशिंग्टनमध्ये देशाची बाजू मांडू शकते, हे दिल्लीतल्या सरकारला पक्कं ठाऊक होतं, कारण तेच सरकार तिला पाठवत होतं. तरीही परीक्षा देऊन, गुणांवर आत आलेल्या तरुणीकडून त्याच सरकारने हमीपत्र घेतलं. तेव्हा बाईच्या कुवतीबद्दल शंका होती, ही सबब टिकत नाही. पंतप्रधानांची बहीण विश्वासाने पाठवता येत होती. कोडगूच्या वन अधिकाऱ्याची मुलगी हक्काने आलेली चालत नव्हती.

हक्काने, हा शब्द मी माझ्या पदरचा घालत नाही. १९६१ मध्ये विदेश सेवेचे नियम केले गेले, त्यातल्या भरतीच्या नियमांत म्हटलं होतं की कोणत्याही विवाहित स्त्रीला सेवेत नेमणूक हक्क म्हणून मागता येणार नाही. शिस्तीच्या नियमांत म्हटलं होतं की सेवेतल्या स्त्रीने लग्नाआधी सरकारची लेखी परवानगी घ्यावी आणि लग्नानंतर कौटुंबिक जबाबदाऱ्या कामाच्या आड येतील असं सरकारला वाटलं, तर तिला राजीनामा द्यायला सांगता येईल. हे नियम झाले तेव्हा मुथम्मांची सेवेत बारा वर्षं झाली होती. घटनेतली समानतेची आणि सरकारी नोकरीतल्या समान संधीची कलमं लागू होऊन अकरा वर्षं झाली होती. बाई हे काम कसं करते ते डोळ्यांसमोर दिसत असताना विचारपूर्वक लिहिलेले हे नियम होते. अनवधानाने जुनं काही राहून गेलं, असं म्हणायची सोय इथे नाही.

यात कोण हरवलं, तेही पाहिलं पाहिजे. रमा मेहता याच सेवेत सुरुवातीच्या काळात आलेल्या. सेवेतल्याच सहकाऱ्याशी, जगत मेहतांशी, त्यांचं लग्न झालं आणि त्यांना नोकरी सोडावी लागली. त्या पुढे समाजशास्त्राच्या अभ्यासक आणि लेखिका म्हणून नावारूपाला आल्या. जगत मेहता १९७६ मध्ये परराष्ट्र सचिव झाले. लग्न एकच, दोघांचं. त्याने एकाची वाट अडवली नाही आणि दुसरीची संपवली. परीक्षेचा अर्जच न भरलेल्या मुलींचा तर हिशोबच नाही, कारण अर्ज न भरणाऱ्यांची फाइल कुठल्या कार्यालयात नसते.

मुथम्मांनी लग्न केलं नाही. १९७० मध्ये त्या हंगेरीत राजदूत झाल्या. सेवेतून वर चढत राजदूतपदी पोहोचलेली ही पहिली भारतीय स्त्री. पुढे त्या घानात गेल्या. वरच्या श्रेणीत बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना वगळून त्यांच्यामागून आलेल्या पुरुष अधिकाऱ्यांना बढती मिळाली. कारण सांगितलं गेलं गुणवत्तेचं. इथे त्यांनी न्यायालयाचा दरवाजा ठोठावला. तक्रार दुहेरी होती. एक तर आपल्यावर झालेला अन्याय, आणि दुसरं म्हणजे ज्या नियमांच्या सावलीत तो झाला ते नियम घटनाबाह्य आहेत.

मग जे झालं त्याकडे मी वाचकांचं मुद्दाम लक्ष वेधतो. याचिकेचा निकाल लागण्याआधीच सरकारने त्यांना बढती दिली. निकालाच्या वेळी त्या हेगमध्ये राजदूत होत्या. भरतीचा तो नियम नोव्हेंबर १९७३ मध्येच रद्द केल्याचं सरकारने शपथपत्रात सांगितलं, आणि परवानगीचा नियमही रद्द होण्याच्या वाटेवर आहे, तशी अधिसूचना निघते आहे, असं कळवलं. सरकारच्या बाजूने पाहिलं तर भांडण मिटलं होतं. बाईंना पद मिळालं, नियम गेले, आता न्यायालयाने काय ठरवायचं?

न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर आणि न्यायमूर्ती पी. एन. सिंघल यांच्या खंडपीठाने याचिका फेटाळली. पण कृष्ण अय्यरांनी लिहिलं की आम्ही याचिका फेटाळत आहोत, प्रश्न फेटाळत नाही. संसाराच्या जबाबदाऱ्या स्त्रीच्या कामाच्या आड येत असतील तर पुरुषाच्याही येऊ शकतात, मग हा उघडावाघडा पक्षपात का, असं त्यांनी विचारलं. विवाहित पुरुषाला जो हक्क, तो विवाहित स्त्रीलाही, हे तत्त्व सांगितलं. मागे पडलेल्या काही महिन्यांमुळे मुथम्मांच्या सेवाज्येष्ठतेला बाधा येऊ नये म्हणून ती पुन्हा तपासायला सांगितली. आणि मग तो आदेश दिला ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला : सरकारने सगळ्याच सेवानियमांची झाडाझडती घेऊन त्यातला स्त्री-पुरुष भेदाचा डाग काढून टाकावा, आणि त्यासाठी कुणी याचिका करील याची किंवा स्त्रियांवर कुणी मेहरबानी करील याची वाट पाहू नये.

सगळेच सेवानियम, आणि वाट न पाहता. या दोन गोष्टी धरून पुढचं वाचा.

दोन वर्षांनी, १९८१ मध्ये, एअर इंडियाच्या हवाई सुंदरींचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आलं. तेव्हा नरिमन पॉइंटला मुख्यालय असलेल्या या त्या काळच्या सरकारी कंपनीचा नियम होता की रुजू झाल्यापासून चार वर्षांच्या आत लग्न केलं तर नोकरी जाईल आणि पहिल्या गरोदरपणात तर जाईलच. न्यायालयाने गरोदरपणाची अट रद्द केली, ती भारतीय स्त्रीत्वाचा अपमान आहे अशा तिखट शब्दांत. पण चार वर्षांची लग्नबंदी मान्य केली आणि तिच्या समर्थनार्थ कुटुंबनियोजनाचाही दाखला दिला. म्हणजे १९७९चा धडा दोन वर्षांत खुद्द न्यायालयातही अर्धाच उरला होता.

लष्करी परिचर्या सेवेत १९७७च्या एका सूचनेनुसार लग्न हे सेवेतून काढण्याचं कारण होतं. मुथम्मांच्या निकालानंतर नऊ वर्षांनी, १९८८ मध्ये, या सूचनेवर बोट ठेवून एका लेफ्टनंट परिचारिकेला नोकरीतून काढलं गेलं. तिने लग्न केलं होतं तेही एका लष्करी अधिकाऱ्याशी, आणि त्याच्या नोकरीला काही झालं नाही. ती सूचना मागे घेतली गेली १९९५ मध्ये. त्या अधिकारी स्त्रीला न्याय मिळाला १४ फेब्रुवारी २०२४ रोजी. सर्वोच्च न्यायालयाने केंद्र सरकारला तिला ६० लाख रुपये द्यायला सांगितलं. मधे ३६ वर्षं गेली. १९७९ मध्ये सांगितल्याप्रमाणे कुणी एकाने बसून सगळे नियम वाचले असते, तर १९८८ मध्ये तिच्यावर ही वेळ आलीच नसती. त्या ६० लाखांपेक्षा एक कारकून, एक वरिष्ठ अधिकारी आणि काही महिने सरकारला कितीतरी स्वस्त पडले असते. आणि तिची कारकीर्द वाचली असती, जिची भरपाई कुठल्याच रकमेत होत नाही.

सैन्यातल्या स्त्री अधिकाऱ्यांच्या कायमस्वरूपी कमिशनचीही, म्हणजे निवृत्तीपर्यंतच्या नेमणुकीचीही, तीच कथा. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला. सरकार अपिलात गेलं. १७ फेब्रुवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा त्यांच्या बाजूने निकाल दिला तेव्हा सरकारचा युक्तिवाद ऐकण्यासारखा होता. त्यात मातृत्व होतं, संसार होता, शरीराची ठेवण होती. १९६१चा नियम जे बोलत होता तेच २०२० मध्ये सरकारी वकील बोलत होते. पुढच्याच वर्षी न्यायालयाला पुन्हा हस्तक्षेप करावा लागला, कारण निवडीचे निकष वरून समान दिसत असले तरी आतून नव्हते. या स्त्रियांना कायम होण्याची संधीच नाही असं गृहीत धरून ज्या काळात त्यांचे गोपनीय अहवाल लिहिले गेले, तेच अहवाल आता त्यांच्या विरोधात मोजले जात होते. मुथम्मांना ‘गुणवत्ता कमी’ असं सांगितलं गेलं होतं, ते इथे आठवल्याशिवाय राहत नाही. नियम खोडला तरी तो ज्यांनी पाळला त्यांची सवय अहवालांत उरते, आणि अहवाल बंद पाकिटात असतो.

मुथम्मांच्या गुणवत्तेबद्दल एकच पुरावा देतो. स्वीडनचे ओलोफ पाल्मे यांच्या अध्यक्षतेखाली १९८० मध्ये निःशस्त्रीकरण आणि सुरक्षिततेवर एक स्वतंत्र आंतरराष्ट्रीय आयोग नेमला गेला. अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री सायरस व्हान्स, ब्रिटनचे डेव्हिड ओवेन, नॉर्वेच्या ग्रो हार्लेम ब्रुंटलांड हे त्याचे सदस्य. भारतातून त्यावर होत्या मुथम्मा. व्हान्स आणि ओवेन यांच्या बरोबरीने अण्वस्त्रांवर बोलू शकणारी ही बाई बढतीच्या लायकीची नाही, असं ठरवणाऱ्यांची मोजपट्टी कसली होती?

विदेश सेवेबद्दल एक आक्षेप नेहमी येतो आणि त्याला नीट उत्तर दिलं पाहिजे. साधारण तीन-तीन वर्षांनी देश बदलतो, मुलांच्या शाळा बदलतात, नवऱ्याची नोकरी सुटते. स्त्रीला हे कसं जमणार, असं विचारलं जातं. अडचण खरी आहे. पण पुरुष अधिकाऱ्याचा देशही तितक्याच वेळा बदलतो. त्याला ते जमतं, कारण सामान बांधणारी, नव्या गावात शाळा शोधणारी, घरी पन्नास पाहुण्यांच्या मेजवानीची सोय पाहणारी पत्नी त्याच्यासोबत असते, बिनपगारी. सरकार एका पगारात दोन माणसं कामाला लावत होतं. स्त्री अधिकारी आली की ही दुसरी जोडी मिळणार नाही, ही त्या नियमामागची खरी भीती होती असं मला वाटतं. अडचण जर नोकरीच्या रचनेत आहे तर रचना सुधारावी. तिचं ओझं बाईच्या लग्नावर का टाकावं? निरुपमा राव यांचं उदाहरण पाहा. मराठवाडा विद्यापीठातून इंग्रजीत एम.ए. झालेल्या राव १९७३च्या तुकडीत, परीक्षेत पहिल्या येऊन, सेवेत आल्या. त्यांचे पती प्रशासकीय सेवेत होते. त्या श्रीलंकेत आणि चीनमध्ये प्रतिनिधी राहिल्या आणि २००९ मध्ये परराष्ट्र सचिव झाल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुथम्मा बेंगळुरूत वारल्या.

मग आता राहिलं काय, असं कुणी म्हणेल. लग्नबंदीचे नियम गेले, मुली मोठ्या संख्येने सेवेत येत आहेत. माझं उत्तर असं की भेद आता मनाईच्या वेषात येत नाही, सवलतीच्या वेषात येतो. केंद्र सरकारच्या स्त्री कर्मचाऱ्याला संपूर्ण नोकरीत ७३० दिवसांची बालसंगोपन रजा मिळते. ही रजा असलीच पाहिजे, तिचा एक दिवसही कमी होऊ नये. पण पुरुषाला ती २०१८च्या अखेरीपासून मिळते ती फक्त तो एकटा पालक असेल तर. बायको असलेल्या बापाला पितृत्व रजेचे १५ दिवस. म्हणजे मूल आजारी पडलं तर रजा आईनेच घ्यायची, हे नियमानेच ठरवून टाकलं. मग हीच रजा घेतली म्हणून अवघड नेमणुकीसाठी तिचं नाव मागे पडतं, आणि कुणी विचारलंच तर ‘तिलाच नको होतं’ असं सांगता येतं. कौटुंबिक जबाबदाऱ्या म्हणजे स्त्रीच्या जबाबदाऱ्या, हे १९६१च्या नियमातलं गृहीतक शाबूत आहे.

न्यायालयीन लढाईतली आणखी एक मेख सोडवायला हवी. मुथम्मांना बढती देऊन सरकारने त्यांची तक्रार निकाली काढली. ही युक्ती आजही चालते : जी भांडते तिला द्यायचं, म्हणजे खटल्यात दम राहत नाही, आणि जी भांडत नाही तिच्यासाठी सगळं जागच्या जागी. भांडायला लागणारा पैसा, वर्षं आणि एकटं पडण्याची तयारी किती जणींकडे असते? राजदूताकडे होती. तलाठी, परिचारिका, पोलीस शिपाई बाई कुठून आणणार? म्हणून माझी सरळ मागणी आहे की भेदभावाच्या खटल्यात सरकारने निकालाआधीच अर्जदाराला दिलासा दिला, तर त्याच नियमाखालच्या इतरांसाठी काय बदल केला हे न्यायालयासमोर लेखी मांडणं बंधनकारक असावं. त्याशिवाय खटला बंद होऊ नये.

आणि नियम उजेडात यायला हवेत. माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमाखाली प्रत्येक सरकारी कार्यालयाने आपले नियम, सूचना, नियमपुस्तिका कुणी न मागता प्रसिद्ध करायच्या आहेत. कायदा २००५चा आहे, नवं काही करावं लागत नाही. प्रत्येक खात्याने आपल्या सेवानियमांपैकी कोणते नियम स्त्री आणि पुरुषाला वेगळे वागवतात आणि का, याची यादी दर पाच वर्षांनी संसदेसमोर आणि विधिमंडळासमोर ठेवावी. काही भेद योग्यही निघतील. कृष्ण अय्यरांनी स्वतःच लिहिलं आहे की जिथे वेगळेपणाची गरज दाखवून देता येते तिथे तो ठेवता येईल. पण गरज दाखवण्याची जबाबदारी नियम करणाऱ्याची आहे, नोकरी गेलेल्या बाईची नाही.

यात महाराष्ट्राने पुढे व्हावं असं मी आग्रहाने म्हणतो, आणि त्याला आधार आहे. स्वतंत्र महिला धोरण १९९४ मध्ये पहिल्यांदा आणलं ते या राज्याने. १ मे २०२४ रोजी आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात, सरकारी कागदपत्रांवर, आईचं नाव वडिलांच्या आधी लागेल हा निर्णय याच राज्याच्या मंत्रिमंडळाने घेतला. त्यासाठी कुणा आईला सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं नाही. राज्याच्या सेवानियमांचे संच मंत्रालयातच आहेत. ते वाचायला सुरुवात करण्यासाठी मंत्रिमंडळाचा एक ठराव पुरेल, आणि येत्या अधिवेशनात तो मागायला आमदारांना कुणाचीच आडकाठी नाही.